वॉक-ऑन रिसीव्हरची पाच वर्षे

आमचा धाकटा मुलगा २०२० ते २०२४ या पाच हंगामांत मिडवेस्टमधील एका सरकारी विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात ‘वॉक-ऑन’, म्हणजे शिष्यवृत्तीविना आलेला, वाइड रिसीव्हर होता. त्याच्या नावावर एकूण ५८ झेल आणि चार टचडाउन, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण, आहेत. वर्तमानपत्रात मथळा व्हावा असे हे आकडे नाहीत. परंतु ते नावावर लागेपर्यंत ज्या प्रक्रियेतून तो आणि त्याच्यामागून आम्ही गेलो, तिची माहिती अमेरिकेतील मराठी घरांत फारशी नसते. मंडळाच्या गणपतीत कॉलेजप्रवेशाचा विषय निघाला की एसएटीचे गुण, निबंध आणि संगणकशास्त्राच्या जागा यांवरच चर्चा संपते. मी मूळची सांगलीची, राहणारी डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात आणि व्यवसायाने हिशेबनीस, त्यामुळे हा खेळ मला मैदानापेक्षा त्याच्या कागदांवरून आधी समजला. हा अनुभव त्याच अंगाने सांगत आहे.

प्रथम रिसीव्हरचे काम काय, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलणारा तो रिसीव्हर, एवढे प्रेक्षकाला दिसते. प्रत्यक्षात डाव सुरू होण्यापूर्वी त्याला ठरवून दिलेला मार्ग असतो, ज्याला ‘रूट’ म्हणतात. रूढ पद्धतीत या मार्गांना शून्य ते नऊ असे आकडे असतात. विषम आकड्यांचे मार्ग बाजूच्या रेषेकडे वळतात, सम आकड्यांचे मैदानाच्या मध्याकडे आणि नऊ म्हणजे नाकासमोर धाव. त्याच्यासमोर, कधी अगदी हातभर अंतरावर, प्रतिस्पर्धी कॉर्नरबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, उभा असतो आणि त्याला पहिल्या दोन पावलांतच अडवू पाहतो. मी कबड्डी पाहत वाढले असल्यामुळे हा भाग मला लगेच उमगला: चढाईपटू जसा एका खांद्याने हूल देऊन दुसऱ्या बाजूने निसटतो, तशीच ही पहिली दोन पावले असतात आणि पुढचे सगळे त्यांवर अवलंबून असते. फरक इतकाच की येथे निसटून गेल्यावरही चेंडू आपल्याकडे येईलच असे नाही. एका सामन्यात संघाचे साठ-सत्तर डाव होतात. त्यांतले निम्मे धावण्याचे असतात आणि फेकीच्या डावातही चार-पाच जणांपैकी एकाकडेच चेंडू जातो. उरलेल्या वेळी रिसीव्हर अंगाने आपल्याहून भारी माणसाला रोखून धरत असतो किंवा बचावपटूला आपल्यामागे खेचून दुसऱ्यासाठी जागा मोकळी करत असतो.

टेक्ससमधील शालेय फुटबॉलचे प्रस्थ सर्वांना ठाऊक आहे, त्यावर वेगळे लिहीत नाही. महाविद्यालयीन संघांचे प्रशिक्षक अकरावीच्या वर्षी १ सप्टेंबरपासून मुलांशी थेट पत्रव्यवहार करू शकतात, असा नियम आहे. त्या दिवशी त्याच्याकडेही पुष्कळ ईमेल आले. मला वाटले की काहीतरी घडते आहे. तो मात्र शांतपणे म्हणाला, “आई, हे सगळ्यांना जातात.” खरी निवड चित्रफितींवरून होते. हडल या संकेतस्थळावर प्रत्येक मुलाचे निवडक डाव असतात आणि पहिल्या पाच-सहा डावांत प्रशिक्षकाचे लक्ष वेधले नाही, तर पुढचे कोणी पाहत नाही. जून महिन्यात विद्यापीठांची शिबिरे होतात. तेथे ४० यार्डांची धाव मोजली जाते आणि ती हाताच्या घड्याळाने, म्हणजे स्टॉपवॉचने, मोजली की लेझरने, यावर मुलाचे मूल्य बदलते. हाताच्या घड्याळावर त्याची वेळ ४.५ सेकंदांच्या जवळ येई, लेझरवर ती ४.६ च्या पलीकडे जाई. सहा फूट एक इंच उंची, वजन जेमतेम ७८ किलो आणि वेग बरा पण डोळ्यांत न भरणारा, असा हा मामला होता.

आता शिष्यवृत्तीचे गणित. त्या काळी एफबीएस या वरच्या गटातील विद्यापीठाला फुटबॉलसाठी ८५ खेळाडूंनाच शिष्यवृत्ती देता येत असे आणि एखाद्याला थोडीशी रक्कम दिली तरी तो पूर्ण एक खेळाडू म्हणून मोजला जाई, त्यामुळे अर्धी शिष्यवृत्ती हा प्रकारच नव्हता. त्याखालच्या एफसीएस गटात ६३ शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम अधिक खेळाडूंत विभागता येई. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती मुळीच मिळत नाही. आमच्यापुढे या तिन्ही प्रकारची दारे उघडी होती: एका लहान महाविद्यालयाची गुणवत्तेवरील सवलत, एका एफसीएस विद्यापीठाची अंशतः शिष्यवृत्ती आणि एफबीएसमधील ‘प्रिफर्ड वॉक-ऑन’ ही जागा. प्रिफर्ड वॉक-ऑन म्हणजे संघात स्थान नक्की, परंतु फी स्वतःची. ती फीही परराज्यातील विद्यार्थ्याची, म्हणजे स्थानिकांच्या कितीतरी पट. माझ्या पतींचे मत हातचे सोडू नये असे होते. मुलाला मात्र स्थापत्य अभियांत्रिकी शिकायची होती आणि तो विभाग या तिसऱ्या ठिकाणीच चांगला होता. शेवटी विभागाकडे पाहून निर्णय झाला आणि तो योग्य होता, असे मी आजही म्हणेन.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शिष्यवृत्ती मिळालेली मुले डिसेंबर किंवा फेब्रुवारीत टोप्या घालून, छायाचित्रकारांसमोर सह्या करतात. वॉक-ऑन मुलासाठी शाळेने त्याच टेबलावर खुर्ची मांडली, तरी त्याच्यापुढे कोणालाही बांधून ठेवणारा एकही कागद नसतो. आमच्या हाती फक्त प्रवेशाचे पत्र, अनामत रकमेची पावती आणि प्रशिक्षकाचा फोनवरचा शब्द एवढेच होते. भरतीच्या काळात प्रत्येक वॉक-ऑनच्या आईवडिलांना हंटर रेनफ्रोची गोष्ट ऐकवली जाते. क्लेम्सन विद्यापीठात शिष्यवृत्तीविना आलेल्या या मुलाने जानेवारी २०१७ मध्ये अलाबामाविरुद्धच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात एक सेकंद उरला असताना विजयी टचडाउन झेलला आणि २०१९ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगमधील रेडर्स संघाने त्याला ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पाचव्या फेरीत निवडले. गोष्ट शंभर टक्के खरी आहे. त्याच संघातील बाकीच्या वॉक-ऑन मुलांची नावे सांगणारा प्रशिक्षक मात्र मला अजून भेटलेला नाही.

२०२० चा हंगाम करोनात गेला. नाकात काडी घालून होणाऱ्या चाचण्या, खोलीपुढे ठेवलेले जेवणाचे डबे आणि रिकामी प्रेक्षागारे हेच त्या वर्षीचे चित्र होते. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएएने तो हंगाम कोणाच्याही हिशेबात धरला नाही, म्हणजे प्रत्येकाला एक वर्ष वाढवून मिळाले. वरवर पाहता ही मेहेरबानी होती. तिचा दुसरा परिणाम असा झाला की, जे रिसीव्हर पदवी घेऊन जाणार होते ते राहिले आणि नवी मुले मागे ढकलली गेली. डेप्थ चार्ट, म्हणजे प्रत्येक जागेसाठीची क्रमवारी, सामान्यतः दोन-तीन ओळींची असते. आमचा मुलगा तिच्यात कुठेच नव्हता.

अशी मुले जिथे असतात ती स्काउट टीम. पुढच्या शनिवारी ज्यांच्याशी सामना आहे त्यांचे डाव पुठ्ठ्याच्या मोठ्या कार्डांवर काढलेले असतात. साहाय्यक प्रशिक्षक कार्ड वर धरतो आणि स्काउट टीम तो डाव आपल्याच संघाच्या पहिल्या बचावफळीविरुद्ध खेळून दाखवते. त्या आठवड्यात प्रतिस्पर्ध्यांचा जो सर्वोत्तम रिसीव्हर असेल, त्याच्या क्रमांकाचे पातळ जाळीचे बनियन मुलाला घालावे लागे. दर आठवड्याला नवा क्रमांक, नवी लकब. एखादा मार्ग पाच यार्डांवर तोडतो, एखादा धावताना डोके आधी वळवतो, अशा दुसऱ्यांच्या खोडी तो अंगी बाणवत असे. याचे श्रेय शनिवारी मिळत नाही. परंतु इतरांचे रूट इतक्या बारकाईने वठवल्यामुळेच त्याचे स्वतःचे रूट सुधारले, हे पुढे त्याच्या प्रशिक्षकानेही मान्य केले.

सरावाचा प्रत्येक डाव चित्रित होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला गुण मिळतात: मार्ग बरोबर होता का, तंत्र कसे होते, शेवटपर्यंत धावला का. चेंडू दुसरीकडे गेल्यावर ज्याने पाय ओढले, त्याच्या नावापुढे ‘लोफ’ अशी नोंद होते. हिशेबनीस म्हणून मला ही पद्धत फार आवडली. जो डाव कोणी पाहिला नाही, त्याचीही नोंद असते. हंगामात सक्तीचा सराव आठवड्याला २० तासांच्या आत असावा, असा नियम आहे, पण ‘ऐच्छिक’ म्हणून जे चालते ते त्यात धरत नाहीत. जग्स नावाच्या यंत्रातून सुटणारे शेकडो चेंडू झेलणे, चित्रफिती पाहणे, मालिश, बर्फाचे पाणी हे सगळे ऐच्छिक. अभियांत्रिकीची प्रयोगशाळा दुपारी असे आणि सरावही दुपारीच असे. यातून मार्ग काढण्यासाठी त्याने दोन उन्हाळे विद्यापीठातच वर्ग घेतले, कारण दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के, तिसऱ्या वर्षाअखेर ६० टक्के आणि चौथ्या वर्षाअखेर ८० टक्के भाग पूर्ण नसेल, तर खेळण्याची पात्रताच जाते. वजनाचा प्रश्न मात्र संघाच्या भोजनगृहाने सोडवला. २०१४ पासून वॉक-ऑन मुलांनाही तेथे जेवता येते. आमच्या वरण-भातावर जे झाले नव्हते ते तिथे झाले आणि दोन वर्षांत तो ८७ किलोंचा झाला.

२०२१ मध्ये जे घडले त्याबद्दल माझ्या मनात अजून थोडी अढी आहे. २०१८ पासूनच्या नियमानुसार एखादा खेळाडू हंगामात चारपर्यंत सामने खेळला, तरी ते वर्ष त्याच्या चार वर्षांच्या पात्रतेतून वजा होत नाही. यालाच रेडशर्ट म्हणतात. तो चार सामन्यांत पंटच्या वेळी, म्हणजे चेंडू लाथेने दूर प्रतिस्पर्ध्यांकडे मारला जातो तेव्हा, मोजक्या डावांसाठी उतरला होता. पाचव्या सामन्यात एक जण जखमी झाला, म्हणून प्रशिक्षकाने त्यालाच पाठवले आणि त्या क्षणी संपूर्ण वर्ष खर्ची पडले. शिष्यवृत्ती असलेल्या मुलाबाबत असा निर्णय घेण्याआधी दहा वेळा विचार झाला असता, असे मला वाटते. मुलाचे म्हणणे वेगळे आहे. ‘गनर’ म्हणून, म्हणजे पंटनंतर सर्वांत पुढे धावत जाऊन चेंडू परतवणाऱ्याला पाडण्याचे काम करून, त्याने त्या हंगामात संघात जागा मिळवली, परगावच्या सामन्यांना जाणाऱ्यांच्या यादीत नाव आणले आणि पुढच्या वसंतातील सरावात रिसीव्हरच्या दुसऱ्या ओळीत तो पोहोचला. गनर झाला नसता तर रिसीव्हरही झाला नसता, असे तो म्हणतो. आम्ही दोघांनी या विषयावर वाद घालणे आता सोडून दिले आहे.

२०२२ च्या हंगामानंतर मुख्य प्रशिक्षक गेले. त्यांच्यासोबत रिसीव्हरांचे प्रशिक्षकही गेले आणि ज्या माणसाने आम्हाला फोनवर शब्द दिला होता, तो दुसऱ्या राज्यात कोणाच्या तरी आईला तोच शब्द देऊ लागला. यात लबाडी नाही. प्रशिक्षकाचा शब्द त्याच्या नोकरीइतकाच टिकतो, एवढे पालकांनी समजून असावे. त्याच डिसेंबरात ट्रान्सफर पोर्टल खुले झाले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या नोंदवहीत खेळाडूने नाव घालण्यास सांगितले की विद्यापीठाला दोन कामकाजाच्या दिवसांत ते घालावेच लागते आणि मग इतर प्रशिक्षक त्याच्याशी बोलू शकतात. २०२१ पासून पहिल्या बदलीनंतर एक वर्ष बाहेर बसण्याची अटही राहिली नाही. त्याच्या खोलीतील दोघे गेले. त्याच्याही मनात चलबिचल होती. आम्ही टेबलावर दोन कागद मांडले: एकावर दुसरीकडे मिळू शकणाऱ्या संधी, दुसऱ्यावर तिकडे मान्य न होणारे अभियांत्रिकीचे श्रेयांक. दुसरा कागद भरत गेला आणि तो थांबला. नव्या प्रशिक्षकांनी पोर्टलमधूनच दोन रिसीव्हर आणले, त्यामुळे वसंतात त्याला पुन्हा खालून सुरुवात करावी लागली.

नाव, प्रतिमा आणि लोकप्रियतेवर पैसे कमावण्याची मुभा, म्हणजे एनआयएल, १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना मिळाली. त्याबद्दल बाहेर फार गवगवा आहे. संघातील क्वार्टरबॅकला गाडी मिळाली, आमच्या मुलाला गावातील एका सँडविचच्या दुकानाची कुपने मिळाली. मात्र ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या आपल्या कुटुंबांनी येथे सावध असावे. एच-४ किंवा एफ-१ व्हिसावरील मुलाने असे पैसे घेतले, तर ते परवानगीविना केलेले काम ठरू शकते. आमचा मुलगा येथेच जन्मलेला असल्याने तो प्रश्न आला नाही, पण आधी वकिलाचा सल्ला घ्या आणि मगच कुपन घ्या.

ऑगस्ट २०२३ मध्ये, हंगामापूर्वीच्या सरावाच्या शेवटी, संघाच्या बैठकीत मुख्य प्रशिक्षकांनी पडद्यावर नेहमीप्रमाणे आदल्या दिवशीचे डाव लावले. त्यात त्याने एका लाइनबॅकरला, म्हणजे मधल्या फळीतील बचावपटूला, अडवून धरलेला एक डाव होता, ज्यात चेंडू त्याच्यापासून चाळीस यार्ड लांब होता. तो डाव दोनदा दाखवून त्यांनी सांगितले की, या मुलाला आजपासून शिष्यवृत्ती आहे. बाकीच्यांनी त्याला खांद्यावर घेतले, वगैरे सगळे चित्रफितीत आहे. मला फोन आला तेव्हा मी कार्यालयात होते. तो एवढेच म्हणाला, “आई, या सत्राची फी भरू नकोस.” मी त्याला आधी विचारले की करार एका वर्षाचा आहे की पदवीपर्यंतचा. तो हसला, पण प्रश्न रास्त होता. करार एका वर्षाचा निघाला आणि पुढच्या वर्षी त्याचे नूतनीकरण झाले.

शेवटच्या दोन हंगामांत तो खऱ्या अर्थाने रिसीव्हर म्हणून खेळला. त्यांतील एक झेल माझ्या डोळ्यांपुढे आजही स्पष्ट आहे. तिसरा डाऊन, म्हणजे चारपैकी तिसरा प्रयत्न, आठ यार्ड हवे होते आणि त्याचा मार्ग तीन क्रमांकाचा होता: सरळ धावत जाऊन, थांबून, बाजूच्या रेषेकडे मागे वळायचे. तो वळला तेव्हा चेंडू आधीच हवेत होता. ही फेक रिसीव्हर वळण्यापूर्वीच सुटते, म्हणून त्याने नेमक्या जागी वळणे महत्त्वाचे. त्याने झेलला आणि डाव्या पायाचा चवडा रेषेच्या आत घासला, तशी कृत्रिम गवतातील काळ्या रबराची भुकटी उडाली. पंचांनी चित्रण पुन्हा पाहून झेल कायम केला. महाविद्यालयीन खेळात रेषेच्या आत एक पाय पुरतो, एनएफएलमध्ये दोन्ही लागतात. भुकटी मात्र दोन जागी उडाली होती, कारण तो दोन्ही पाय टेकवण्याचा सराव आधीपासून करत होता. मनात काय होते ते त्याने कधी बोलून दाखवले नव्हते, पण त्या दिवशी ते मला कळले.

एनसीएएच्याच आकड्यांनुसार ड्राफ्टला पात्र असलेल्या महाविद्यालयीन खेळाडूंपैकी दोन टक्क्यांहून कमी एनएफएलपर्यंत पोहोचतात. तरी मार्च २०२५ मध्ये विद्यापीठाच्या प्रो डेला, म्हणजे एनएफएलच्या निरीक्षकांसमोरच्या चाचणीला, तो उभा राहिला. ४० यार्ड, उभी उडी, लांब उडी, शटल आणि तीन शंकूंची धाव, असा तो दिवस असतो. एनएफएलच्या निमंत्रित खेळाडूंच्या इंडियानापोलिस येथील चाचणीत, म्हणजे कम्बाइनमध्ये, २०२४ साली टेक्सस विद्यापीठाच्या झेव्हियर वर्दीने ४० यार्डांत ४.२१ सेकंदांचा विक्रम केला होता. आमच्या मुलाची वेळ ४.५७ होती, जी त्याच्यासाठी सर्वोत्तम होती. एप्रिलमध्ये ग्रीन बे येथे झालेल्या ड्राफ्टमध्ये २५७ निवडी झाल्या. त्यांत तो नव्हता आणि असेल अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. मे महिन्यात एका संघाने नवोदितांच्या शिबिरात चाचणीसाठी बोलावले. तो एका शनिवार-रविवारपुरता गेला, दोन्ही पाय आत टेकवून झेल घेतले आणि कराराशिवाय परत आला.

ज्या वाटेने तो गेला, ती वाट त्यानंतर महिनाभरातच अरुंद झाली. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या हाउस खटल्यातील तडजोडीला अंतिम मान्यता दिली. आता तीत सहभागी विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात आणि ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली. तिच्या जागी संपूर्ण संघासाठी १०५ खेळाडूंची मर्यादा आली. पूर्वी अनेक संघांत १२० किंवा त्याहून अधिक मुले असत आणि ही वरची मुले बहुतेक वॉक-ऑनच असत. आधीपासून संघात असलेल्यांना त्यातून सूट मिळण्याची सोय न्यायालयाच्या आग्रहामुळे झाली, पण आज बारावीत असलेल्या, वेग बरा पण डोळ्यांत न भरणाऱ्या मुलाला ती लागू नाही. कोणी मला विचारले तर मी एफसीएसची अंशतः शिष्यवृत्ती आधी पाहा असे सांगेन. एनएफएलमधील नामवंत रिसीव्हर कूपर कप हा ईस्टर्न वॉशिंग्टन या एफसीएस विद्यापीठातूनच पुढे आला, हे विसरू नये.

मुलगा आता कॅन्सस सिटीत पुलांचे आराखडे करणाऱ्या कार्यालयात नोकरी करतो. उजव्या हाताचे मधले बोट दोनदा निखळल्याने नीट वळत नाही आणि डाव्या खांद्याचे दुखणे राहिले आहे. ऑगस्ट २०२४ पासून पहिल्या डिव्हिजनमधील विद्यापीठांना खेळातील दुखापतींचा उपचारखर्च खेळाडू बाहेर पडल्यानंतरही किमान दोन वर्षे द्यावा लागतो. त्याचा अर्ज क्रीडा विभागाच्या विमा कक्षाकडे करायचा असतो आणि त्यासोबत दुखापतीच्या दिवशी संघाच्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी केलेली नोंद उपयोगी पडते. बोटाची नोंद होती. खांद्याची नव्हती, कारण त्या दिवशी त्याने कोणाला सांगितलेच नव्हते. ती मिळवण्यासाठी सध्या त्या सरावाच्या चित्रफितीची मागणी केली आहे.